कॅनडातील प्रागतिक आणि पारंपरिक शालेय शिक्षण (१९०० ते १९४५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद नेमका कशाबद्दल होता?

शाळेने मुलाला काय द्यायचे आणि ते कोणत्या मार्गाने द्यायचे, याबद्दल. पारंपरिक बाजूचे म्हणणे असे की, पिढ्यान्पिढ्या साठत आलेले ज्ञान इतिहास, भूगोल, व्याकरण, अंकगणित अशा विषयांत बांधलेले आहे. ते शिक्षकाने क्रमाने सांगावे, मुलांनी पाठ करावे आणि किती पाठ झाले हे परीक्षेने तपासावे. प्रागतिक बाजूचे म्हणणे असे की, मूल स्वतः काही करत, हाताळत आणि विचारत शिकते, तेव्हा अभ्यासक्रमाची सुरुवात मुलाच्या अनुभवापासून व्हावी आणि लोकशाहीत चार लोकांबरोबर कसे वागावे हे शाळेतच अंगवळणी पडावे. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात प्रागतिक म्हणवणाऱ्यांतच दोन तऱ्हेचे लोक होते. एकांना मुलाला मोकळीक हवी होती, तर दुसऱ्यांना शाळा शास्त्रीय पद्धतीने, मोजमाप करून, कमी खर्चात आणि नीटनेटकी चालवायची होती. हे दोन्ही गट बहुतेक वेळा एकाच अहवालावर सही करत, आणि त्यामुळे बराच गोंधळ झाला.

संपूर्ण कॅनडाचे असे एकच शिक्षणधोरण होते का?

नव्हते, आणि आजही नाही. १८६७ च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्याच्या (म्हणजे कॅनडाच्या राज्यघटनेच्या) कलम ९३ नुसार शिक्षण हा विषय प्रांतांकडे सोपवला गेला. त्यामुळे ‘कॅनडाने अमुक पद्धत स्वीकारली’ असे वाक्य कुठे वाचले, तर कोणत्या प्रांताने आणि कोणत्या साली, हे आधी विचारावे. न्यूफाउंडलंड तर १९४९ पर्यंत कॅनडाचा भागच नव्हता.

पारंपरिक शाळेतला दिवस कसा असे?

ओंटारियोतली खेड्यातली एकशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणावी. मधोमध लाकडे घालून पेटवायची शेगडी, जमिनीला खिळलेले बाक, समोर फळा, भिंतीवर नकाशा आणि राजाची तसबीर. मुलांची ओळख ते कितव्या पुस्तकात आहेत यावरून होई, कारण १९३७ पर्यंत त्या प्रांतात आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या. प्राइमर, मग पहिले, दुसरे, तिसरे आणि चौथे पुस्तक, आणि त्यांतही कनिष्ठ व वरिष्ठ असे दोन टप्पे. शिक्षिका एका गटाला समोर बोलावून धडा म्हणवून घेई आणि तोवर बाकीचे गट पाटीवर गणिते सोडवत किंवा शुद्धलेखन गिरवत. एका गटाच्या वाट्याला शिक्षिकेची दहा-पंधरा मिनिटे आली तरी पुष्कळ.

१९०९ ची ‘ओंटारियो रीडर्स’ ही क्रमिक पुस्तके या शाळेचा कणा होती. ती ईटन या मोठ्या दुकानदार कंपनीने छापली आणि सरकारी करारामुळे अत्यंत स्वस्त विकली. चौथे पुस्तक १६ सेंटला मिळे. आतले पान उघडले की प्रथम दिसे तो ब्रिटिश ध्वज आणि त्याखालची ‘एक ध्वज, एक आरमार, एक सिंहासन’ अशा अर्थाची ओळ. पुढे कविता, नीतिकथा, वीरकथा. कविता अर्थासह तोंडपाठ व्हावी ही अपेक्षा उघड होती, आणि तपासणीस आला की त्याच्यासमोर ती खणखणीत म्हणून दाखवावी लागे.

वरिष्ठ चौथ्या पुस्तकाच्या शेवटी हायस्कूल प्रवेश परीक्षा असे. खात्याकडून प्रश्नपत्रिका येत आणि उत्तीर्ण मुलांची नावे स्थानिक वर्तमानपत्रांत छापली जात. मुलाचे नाव छापून आले नाही तर त्याच्याबरोबर शिक्षिकेचीही गावात चर्चा होई, आणि पुढल्या वर्षीची तिची नेमणूक गावातल्या विश्वस्तांच्या हाती असे. पुढच्या अनेक प्रश्नांची उत्तरे या एका गोष्टीशी येऊन थांबतात.

या पद्धतीमागे काही विचार होता, की ती नुसती सवय होती?

विचार होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एगर्टन रायर्सन १८४४ पासून १८७६ पर्यंत ओंटारियोच्या (त्या वेळच्या अपर कॅनडाच्या) शिक्षणाचे प्रमुख होते. गरीब-श्रीमंत सर्वांची मुले एकाच सरकारी शाळेत, एकाच पुस्तकातून शिकली तर समाज एकसंध राहील, अशी त्यांची धारणा होती. १८७१ च्या कायद्याने त्या प्रांतात सामान्य शाळा मोफत झाल्या आणि ७ ते १२ वयाच्या मुलांना वर्षातून किमान चार महिने शाळेत जाणे सक्तीचे झाले. समान पुस्तक, समान परीक्षा आणि प्रशिक्षित शिक्षक ही त्या काळची समतेची भाषा होती.

दुसरा आधार मानसशास्त्राचा होता. व्यायामाने दंड बळकट होतो तशी व्याकरणाने आणि गणिताने बुद्धी बळकट होते, असे तेव्हा मानत, त्यामुळे विषय जितका कठीण आणि कंटाळवाणा तितका तो गुणकारी ठरे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या प्रयोगांनी ही कल्पना खिळखिळी केली. शाळांना मात्र ते कळायला बराच वेळ लागला.

तिसरा आधार साम्राज्यनिष्ठेचा. १८९९ मध्ये ओंटारियोचे शिक्षणमंत्री जॉर्ज रॉस यांनी शाळांतून ‘साम्राज्य दिन’ सुरू केला. १९०९ मध्ये लॉर्ड स्ट्रॅथकोना यांच्या देणगीतून शारीरिक शिक्षण आणि लष्करी कवायतीसाठी निधी उभा राहिला. प्रेअरी प्रांतांत (मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा या गवताळ मैदानांच्या प्रांतांत) युक्रेनियन, जर्मन, पोलिश कुटुंबे मोठ्या संख्येने येत होती आणि त्यांच्या मुलांना इंग्रजी भाषा व ब्रिटिश रीतभात शिकवण्याचे काम शाळेकडे आले. मॅनिटोबाने १९१६ मध्ये द्विभाषिक शाळा बंद केल्या. ओंटारियोने १९१२ मध्ये ‘नियम १७’ आणून शाळांतल्या फ्रेंचवर कठोर मर्यादा घातल्या. त्याची कडवट आठवण फ्रेंच भाषकांनी आजही जपली आहे.

नवे विचार १९३० नंतरच आले का?

नाही. त्यांची पेरणी जवळजवळ पन्नास वर्षे आधी झाली. टोरंटोचे शाळातपासणीस जेम्स ह्यूज आणि त्यांच्या पत्नी एडा मॅरियन ह्यूज हे दोघे बालोद्यानाची कल्पना मांडणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांचे पक्के अनुयायी होते. १८८३ मध्ये टोरंटोच्या सार्वजनिक शाळेत बालोद्यान (किंडरगार्टन) सुरू झाले आणि १८८७ मध्ये ओंटारियोने बालोद्यानाला रीतसर मान्यता दिली. खेळणे हेही शिकणेच आहे, ही कल्पना सरकारी शाळेत शिरली ती या दाराने.

हॅमिल्टनच्या अॅडिलेड हूडलेस यांनी मुलींसाठी गृहशास्त्र हा शालेय विषय व्हावा म्हणून अनेक वर्षे झगडा केला. दूषित दुधामुळे त्यांचे तान्हे मूल दगावले होते, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते.

या काळातला सर्वांत मोठा प्रयोग मात्र तंबाखूच्या पैशावर उभा राहिला. माँट्रियलचे तंबाखू कारखानदार विल्यम मॅकडोनल्ड (त्यांना स्वतःला तंबाखूचा तिटकारा होता म्हणतात) आणि केंद्र सरकारचे दुग्धव्यवसाय आयुक्त जेम्स रॉबर्टसन यांनी शतकाच्या उंबरठ्यावर गावोगावी हस्तव्यवसायाचे वर्ग काढले, शाळांतून बागा लावल्या आणि चार-सहा खेड्यांच्या एकशिक्षकी शाळा मोडून एक मोठी एकत्रित शाळा बांधण्याचे नमुने उभे केले. नोव्हा स्कोशियातले मिडलटन, न्यू ब्रन्सविकमधले किंग्स्टन, ओंटारियोतले ग्वेल्फ आणि प्रिन्स एडवर्ड बेटावरचे हिल्सबरो. मुलांना ने-आण करण्यासाठी घोडागाड्या असत. मॅकडोनल्ड यांचे अनुदान चालू होते तोवर सारे सुरळीत चालले. पुढे स्थानिक करदात्यांच्या खिशाला हात लागला, तेव्हा अनेक ठिकाणी उत्साह ओसरला आणि हिल्सबरोची शाळा तर काही वर्षांतच बंद पडली. ग्वेल्फची मॅकडोनल्ड इन्स्टिट्यूट आणि १९०७ मध्ये माँट्रियलजवळ सुरू झालेले मॅकडोनल्ड कॉलेज या संस्था टिकल्या, आणि खेड्यांतल्या शिक्षकांच्या पिढ्या तिथे घडल्या.

याच सुमारास, १९१२ मध्ये, टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि मेबल बेल यांनी नोव्हा स्कोशियातल्या बॅडेक येथील आपल्या घरी माँटेसरी पद्धतीचा वर्ग चालवला. तो कॅनडातला पहिला मानला जातो.

जॉन ड्युई यांचा प्रभाव किती होता?

मोठा, परंतु बराचसा आडवळणाने आलेला. अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागोत एक प्रायोगिक शाळा काढली आणि पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धती मांडली. कॅनडातले तपासणीस, अध्यापक विद्यालयांचे शिक्षक आणि खात्यातले अधिकारी उन्हाळी सुटीत तिथे किंवा शिकागोला शिकायला जात आणि परतताना हे विचार घेऊन येत. इंग्लंडमधले हॅडो समितीचे शालेय शिक्षणावरचे अहवालही तितकेच वाचले जात. ब्रिटिश शिक्का असलेली कल्पना ओंटारियोत अधिक सहज पचे, अमेरिकन म्हटले की भुवया उंचावत.

मराठी वाचकाला या ठिकाणी एक आठवण होणे साहजिक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकत होते आणि ड्युई त्यांचे शिक्षक होते. ड्युई यांच्या लोकशाहीविषयक विचारांतून बाबासाहेबांनी जे घेतले ते समाजरचनेच्या प्रश्नाला लावले. कॅनडातल्या शिक्षणाधिकाऱ्यांनी त्याच विचारांतून प्रामुख्याने वर्ग चालवण्याची रीत उचलली आणि लोकशाहीचा भाग प्रस्तावनेपुरता ठेवला, असे माझे मत आहे.

पटमन–वियर अहवाल काय होता?

ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने ओटावाचे शाळातपासणीस जे. हॅरोल्ड पटमन आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज वियर यांना प्रांतातल्या शाळांची पाहणी करायला सांगितले. १९२५ मध्ये त्यांचा पाचशेहून अधिक पानांचा अहवाल आला. पाठांतरावर आणि ‘बुद्धीच्या व्यायामा’च्या कल्पनेवर त्यात झोड उठवलेली आहे. प्राथमिक आणि हायस्कूल यांच्यामध्ये वेगळी मधली पायरी असावी, मुलांच्या कलाप्रमाणे विषय असावेत, प्रशिक्षण सुधारावे, अशा त्याच्या शिफारशी होत्या. १९३३ मध्ये वियर स्वतःच प्रांताचे शिक्षणमंत्री झाले आणि १९३६-३७ मध्ये नवा अभ्यासक्रम आला. अहवाल लिहिणाऱ्यालाच तो राबवायची संधी मिळणे ही कोणत्याही देशात दुर्मीळ गोष्ट आहे.

बुद्ध्यंक मोजणाऱ्या चाचण्या प्रागतिक कशा म्हणायच्या?

आज हे चमत्कारिक वाटते, परंतु त्या काळी या चाचण्या सुधारणावाद्यांचे आवडते साधन होत्या. प्रत्येक मूल वेगळे आहे हे तत्त्व मान्य केले, की ते किती वेगळे आहे हे मोजायचा मोह होतोच. पटमन–वियर पाहणीसाठी चाचण्या घेण्याचे काम टोरंटो विद्यापीठाच्या पीटर सँडिफर्ड यांनी केले. त्यांच्या आधारे मुलांचे गट पाडावेत आणि काहींना पुस्तकी, काहींना कामकाजी शिक्षणाकडे वळवावे, असा विचार पुढे आला. मुलाच्या कलाने शिक्षण द्यायचे म्हणता म्हणता मुलाच्या भवितव्याचा निकाल बाराव्या वर्षीच लागू लागला.

याच सँडिफर्ड यांनी एका सहकारी संशोधिकेसह १९२६ मध्ये व्हँकूव्हरमधल्या चिनी आणि जपानी मुलांच्या चाचण्यांचे निष्कर्ष छापले. ही मुले गोऱ्या मुलांपेक्षा सरासरीने पुढे निघाली. आशियाई लोकांविरुद्ध प्रांतात उघड द्वेष होता आणि १९२२-२३ मध्ये व्हिक्टोरियात चिनी मुलांना वेगळ्या शाळांत बसवण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांच्या पालकांनी शाळांवर बहिष्कार टाकला होता. तेव्हा या निष्कर्षाचे करायचे काय, हा पेच पडला. स्थलांतरामुळे निवडक हुशार लोकच इकडे आले असावेत, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. अनुमान आधी आणि आकडे मागून, याचा इतका ठळक नमुना क्वचित सापडतो.

अल्बर्टाची ‘एंटरप्राइज’ पद्धत म्हणजे काय?

कॅनडातला हा सर्वांत धाडसी प्रयोग. १९३६ मध्ये अल्बर्टाने पहिली ते सहावीसाठी नवा अभ्यासक्रम आणला. तो तयार करण्यात डोनाल्डा डिकी, ऑलिव्ह फिशर आणि विल्यम हे यांचा प्रमुख वाटा होता, आणि खात्यातून त्यामागे उभे राहिले ते शाळांचे पर्यवेक्षक ह्यूबर्ट न्यूलँड. डिकी या अध्यापक विद्यालयात शिकवणाऱ्या, इतिहासात डॉक्टरेट मिळवलेल्या विदुषी होत्या, तेव्हा त्यांना ज्ञानाचे वावडे होते असे कोणी म्हणू शकत नव्हते.

पद्धत अशी: वर्षात काही मोठे उपक्रम निवडायचे आणि इतिहास, भूगोल, भाषा, चित्रकला, काही अंशी विज्ञानही त्यांच्याभोवती गुंफायचे. उदाहरणादाखल, गव्हाचा प्रवास हा उपक्रम घेतला असे समजू. मुले आधी चर्चा करून कामे वाटून घेतील. एक गट शेतकऱ्यांना विचारून पेरणीची माहिती लिहील, दुसरा गट रेल्वेरुळालगतच्या धान्यकोठाराची पुठ्ठ्याची प्रतिकृती करील, तिसरा जगाच्या नकाशावर जहाजांचे मार्ग काढील, आणि शेवटी पालकांना बोलावून सगळे मांडून दाखवले जाईल. आकडेमोड आणि वाचनाचा सराव यासाठी वेगळा वेळ ठेवलेला होता. टीका करणारे हे नेहमी विसरत.

आज प्रकल्प, वहीत चिकटवलेली चित्रे आणि शाळेतले प्रदर्शन म्हटले की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यातला अर्धाअधिक भाग आईवडीलच करतात हे सर्वांना ठाऊक आहे. डिकी यांच्या कल्पनेत मात्र सारा भर वर्गातल्या सहकार्यावर होता. तयार वस्तूपेक्षा ती करताना झालेली वाटाघाट त्यांना मोलाची वाटे.

हे सर्व घडले तेव्हा अल्बर्टात पुराणमतवादी सरकार होते ना?

होते, आणि इतिहासातली ही गमतीची गाठ आहे. १९३५ मध्ये सोशल क्रेडिट पक्ष निवडून आला आणि विल्यम आबरहार्ट मुख्यमंत्री झाले. ते रेडिओवरून प्रवचने करणारे कडवे धर्मोपदेशक, कॅल्गरीतल्या क्रेसंट हाइट्स हायस्कूलचे माजी मुख्याध्यापक आणि शिस्तीला कठोर म्हणून प्रसिद्ध. शिक्षणखातेही त्यांनी स्वतःकडेच ठेवले. तरी आधीच्या सरकारच्या काळात तयारी झालेला अभ्यासक्रम त्यांनी अडवला नाही. शेकडो छोट्या शाळा मंडळांचे मोठे विभाग करण्याची योजनाही त्यांनी नेटाने पुढे नेली. शाळांच्या पैशाची आणि शिक्षकांच्या पगाराची घडी त्यामुळे बसली. वर्गातल्या पद्धतीचे काम त्यांनी न्यूलँड यांच्यावर सोपवले असावे, असे दिसते.

ओंटारियोने काय केले?

१९३७ मध्ये पहिली ते सहावीसाठी करड्या वेष्टनाचे एक छोटे पुस्तक काढले. तोच नवा अभ्यासक्रम. थॉर्न्टन मस्टर्ड आणि स्टॅनली वॉटसन यांनी तो लिहिला आणि उपमंत्री डंकन मॅकार्थर यांनी त्याला पाठबळ दिले. त्यात इतिहास-भूगोल मिळून सामाजिक अभ्यास झाला, आरोग्याला मानाचे स्थान मिळाले, आणि शिक्षकाने पाठ घेण्यापेक्षा मुलांच्या कामाला दिशा द्यावी असे सांगितले गेले. पुढे सहाच वर्षांत जॉर्ज ड्रू यांचे सरकार आले. त्यांनीही शिक्षणखाते स्वतःकडे ठेवले आणि १९४४ मध्ये सार्वजनिक शाळांत आठवड्याला दोन अर्ध्या तासांचे धार्मिक शिक्षण आणले.

क्वेबेकमध्ये हा वाद झाला का?

इंग्रजी प्रांतांतल्या स्वरूपात झाला नाही. १८७५ पासून १९६४ पर्यंत तिथे शिक्षणमंत्रीच नव्हता. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन समित्या आपापल्या शाळा चालवत. कॅथलिक शाळांत प्रश्नोत्तरी धर्मपाठ केंद्रस्थानी होता आणि वरच्या वर्गातल्या मुलांसाठी लॅटिनवर भर देणारी अभिजात महाविद्यालये होती. सक्तीचे शिक्षण आले तेच १९४३ मध्ये. तरीही कॅथलिक धर्मसंघातले ब्रदर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मारी-व्हिक्टोरँ यांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये सुरू झालेली बालनिसर्गमंडळे मुलांना रानावनात नेऊन पाने-फुले गोळा करायला शिकवत होती. कृतीतून शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते? फक्त ते शाळेच्या तासांबाहेर होते.

अभ्यासक्रम बदलला, पण वर्ग बदलला का?

फार थोडा. नील सदरलँड या इतिहासकाराने व्हँकूव्हरमध्ये शिकलेल्या लोकांच्या शाळेच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा १९२० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत वर्गातली रीत जवळजवळ तीच राहिल्याचे दिसले: रांगेने बसणे, पाठांतर, फळ्यावरून उतरवणे, चाचणी. पटमन–वियर यांचाच हा प्रांत, हे लक्षात घ्यावे.

कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. प्रेअरीतली शिक्षिका बहुधा विशी-बाविशीतली, अध्यापक विद्यालयात एखादे वर्ष काढलेली, आठ इयत्ता एका खोलीत सांभाळणारी. मंदीत आणि दुष्काळात तिचा पगार कित्येकदा थकत असे किंवा त्याऐवजी पैसे पुढे देण्याच्या वचनाची चिठ्ठी हातात पडे. शाळेचे ग्रंथालय म्हणजे एक कपाट. मुलांनी स्वतः शोध घ्यावा म्हटले, तर शोध कुठे घ्यायचा? चित्रे, नकाशे, प्रश्नपत्रके तिलाच तयार करावी लागत आणि त्यासाठी हेक्टोग्राफ हे एकमेव यंत्र. उथळ थाळीत जिलेटिन ओतून घट्ट करायचे, खास जांभळ्या शाईने लिहिलेला कागद त्यावर उलटा दाबायचा, ठसा उतरला की एकेक कोरा कागद दाबून उचलायचा. काही डझन नकलांनंतर अक्षरे फिकी पडत, आणि जिलेटिन पुसून पुन्हा सुरुवात. अल्बर्टाच्या नव्या पद्धतीचे प्रशिक्षण उन्हाळी वर्गांतून मिळे, पण तिथला उत्साह हिवाळ्यात एकटीने टिकवणे कठीण होते.

आणि परीक्षा राहिलीच. ओंटारियोची हायस्कूल प्रवेश परीक्षा १९४० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालली. करड्या पुस्तकात काहीही लिहिलेले असो, मुलाचे नाव वर्तमानपत्रात छापून यायचे तर व्याकरण आणि अंकगणित घोटूनच घ्यावे लागे. अभ्यासक्रम बदलला आणि परीक्षा तशीच ठेवली तर शिक्षक परीक्षेचे ऐकतो. सुधारणावाद्यांनी हे ओळखले नाही असे नाही, परंतु परीक्षेला हात लावायची त्यांची तयारी उशिरा झाली. त्या अपयशाचे खापर शिक्षिकांच्या आळसावर फोडणे मला अन्यायाचे वाटते.

मारणे तरी थांबले का?

नाही. कातडी पट्ट्याने तळहातावर मारण्याची शिक्षा प्रागतिक अभ्यासक्रम आले तरी चालूच राहिली. टोरंटोच्या शाळा मंडळाने ती १९७१ मध्ये बंद केली आणि देशभरातल्या शिक्षकांना शारीरिक शिक्षेची मुभा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ठरवले.

मूलनिवासी मुलांना या सुधारणांचा काही लाभ झाला का?

नाही, आणि या काळाचा इतिहास लिहिताना ही बाब तळटीपेत ढकलली जाते, ते बरोबर नाही. मूलनिवासींचे शिक्षण प्रांतांकडे नव्हते. ते केंद्र सरकारच्या खात्याकडे आणि चर्चकडे होते. निवासी शाळांत मुले घरापासून तोडली जात, मातृभाषेत बोलली तर शिक्षा होई, आणि पुष्कळ ठिकाणी अर्धा दिवस अभ्यास व अर्धा दिवस शेतात, धोबीखान्यात किंवा स्वयंपाकघरात राबणे असा क्रम होता. खात्याचे वैद्यकीय अधिकारी पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्येच प्रेअरीतल्या या शाळांतल्या क्षयाचा आणि मृत्यूंचा अहवाल दिला होता. तरीही १९२० मध्ये कायदा बदलून मुलांना या शाळांत पाठवण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारने घेतला. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या अंदाजानुसार एकूण सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. हाताने काम करत शिकणे हे तत्त्व कॅल्गरीतल्या मुलासाठी बालस्वातंत्र्य होते. निवासी शाळेतल्या मुलासाठी तीच गोष्ट बिनपगारी मजुरी ठरली.

या शिक्षणाला गंभीर विरोध कोणी केला?

सर्वांत गाजलेला हल्ला थोडा उशिरा, १९५३ मध्ये झाला. सस्कॅचेवान विद्यापीठातल्या इतिहासाच्या प्राध्यापिका हिल्डा नीटबी यांनी ‘सो लिट्ल फॉर द माइंड’ हे पुस्तक लिहिले. कॅनडातल्या शाळा बुद्धिविरोधी आणि संस्कृतिविरोधी झाल्या आहेत, आणि शिक्षणतज्ज्ञ नावाचा एक वर्ग त्याला जबाबदार आहे, असा त्यांचा आरोप होता. पुस्तक हातोहात खपले. नीटबी यांचे गद्य धारदार आहे आणि अध्यापक विद्यालयांतल्या पोकळ भाषेवरची त्यांची टीका आजही लागू पडते. परंतु त्यांनी मुख्यतः खात्यांची अभ्यासक्रम-पुस्तिका वाचून निदान केले, आणि पुस्तिकेत लिहिलेले वर्गात फारसे घडतच नव्हते. जे झालेच नाही त्याच्या दुष्परिणामांवर देशभर वाद झडला.

आजच्या वादांशी याचा काही संबंध आहे का?

आहे. ओंटारियोच्या १९६८ च्या हॉल–डेनिस अहवालाने मुलाच्या स्वातंत्र्याची जुनी मागणी नव्या जोमाने मांडली, आणि २०२० च्या गणित अभ्यासक्रमात त्याच प्रांताने पाढे तोंडपाठ असण्यावर पुन्हा भर दिला. टोरंटो किंवा ब्रॅम्प्टनमध्ये राहणारे मराठी पालक ‘इथे पाढे का पाठ करून घेत नाहीत’ असे विचारतात, तेव्हा ते नकळत १९३७ च्या करड्या पुस्तकाशीच भांडत असतात. मात्र मूल अल्बर्टात किंवा ब्रिटिश कोलंबियात असेल तर उत्तर वेगळे मिळेल, कारण कलम ९३ नुसार शिक्षण अजूनही प्रांतांकडेच आहे.

त्या काळची शाळा आज कुठे पाहता येईल?

टोरंटोत १८४८ ची एनॉक टर्नर शाळा आता संग्रहालय आहे. शहरातली ती पहिली मोफत शाळा. त्याच शहराच्या उत्तरेला ब्लॅक क्रीक पायोनियर व्हिलेजमध्ये एकोणिसाव्या शतकातली खेड्यातली शाळा जतन केलेली आहे आणि कॅल्गरीच्या हेरिटेज पार्कमध्ये प्रेअरीतली एकशिक्षकी शाळा पाहायला मिळते. १९०९ ची ‘ओंटारियो रीडर्स’ इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. चौथे पुस्तक आधी उघडावे, कारण बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडून तेव्हा केवढ्या वाचनाची अपेक्षा होती हे त्यावरून लगेच कळते.